हुक बघितल्याशिवाय ट्रॉलीला खेप देऊ नका : कोल्हापूर जिल्ह्यातील साखर कारखान्यांना खुले पत्र

प्रति,
कोल्हापूर जिल्ह्यातील सर्व साखर कारखान्यांचे अध्यक्ष, संचालक आणि मुख्य शेती अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

हंगामाआधी आपण ऊसतोडणी आणि वाहतुकीचे करार करता. ट्रॅक्टरचं आरसी बुक, विमा, ड्रायव्हरचं लायसन, बँकेचं पासबुक, जामीनदारांच्या सह्या हे सगळं तपासूनच उचल देता. या फाइलमध्ये आणखी एक कागद घाला, एवढं मागायला हे पत्र लिहितोय. ट्रॅक्टर आणि ट्रॉली ज्या हुकानं एकमेकाला धरून असतात, तो हुक आणि त्याच्यावरचं वेल्डिंग जाणत्या माणसानं बघितलंय, असं त्या कागदावर लिहिलेलं असावं. बघितलेलं नसेल तर त्या ट्रॉलीला खेप देऊ नये.

मी शिवाजी उद्यमनगरात फॅब्रिकेशनचं काम करतो. पावसाळा सरत आला की ट्रॉल्यांची डागडुजी सुरू होते. पाटे बदलायचे, बाजूच्या फळ्या सरळ करायच्या, हुक वर-खाली करून घ्यायचा. पूर्वी हे सगळं काम उद्यमनगरात, नाहीतर तालुक्याच्या गावातल्या वर्कशॉपमध्ये यायचं. आता दुचाकीवर पुढ्यात ठेवून नेता येईल एवढं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन गावोगावी घरात आलंय. गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये, रात्री लाइट आली की, शेतकऱ्याचा पोरगा स्वतःच हुक कापतो, लांबवतो, जोडतो आणि सकाळी ट्रॅक्टर फडात उभा असतो.

या पोरांना नावं ठेवण्यासाठी मी लिहीत नाही. कोल्हापूरच्या मातीतच हे आहे. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा इथंच, आपल्या हातानं घडवला. कोल्हापुरी ऑइल इंजिनं कुठं कुठं जाऊन विहिरीवर बसली. परदेशी इंजिन खोलून बघायचं, त्याचा नमुना काढायचा, ओतायचं आणि चालवून दाखवायचं, यातूनच उद्यमनगर उभं राहिलं. मोडलेली वस्तू घरात दुरुस्त करणारा हात मला मोलाचा वाटतो. म्हणून त्या हाताला मशीन मिळालं पण माहिती मिळाली नाही, याचं मला वाईट वाटतं. आणि ही माहिती पोचवायची ताकद या जिल्ह्यात कारखान्यांइतकी कुणाकडं नाही.

हुक बदलावा का लागतो, ते आधी सांगतो, कारण 'बदलूच नका' म्हणून हा प्रश्न सुटणारा नाही. नवा ट्रॅक्टर घेतला की जुन्या ट्रॉलीची दांडी त्याच्या हुकाच्या उंचीला जमत नाही. वळताना ट्रॉलीचा कोपरा मोठ्या टायरला घासतो, म्हणून हुक अर्धा फूट मागं काढायचा असतो. पुढच्या ट्रॉलीला मागची ट्रॉली जोडायची असते आणि मागच्या चॅनेलवर हुकाची सोयच नसते. पिनचं भोक झिजून अंडाकृती होतं, पिन खडखडते, म्हणून नवी प्लेट चढवायची असते. ही सगळी खरी कारणं आहेत आणि सगळी हंगामाच्या तोंडावरच उभी राहतात. त्या वेळी गावातलं मशीन हाताशी असतं.

माझ्याकडं मागं एक तुटलेला हुक आला होता. तुटला तेव्हा ट्रॉली रिकामी होती, म्हणून फक्त शेताचा बांध गेला. मालकाला तसाच दुसरा करून हवा होता. मी तुटलेलं तोंड ब्रशनं साफ करून त्याला दाखवलं. त्यावर दोन रंग होते. कडेनं सुरू झालेला मोठा भाग तपकिरी, गंजलेला होता आणि त्यावर शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा एकामागं एक रेघा होत्या. मधला बोटभर भाग तेवढा चकचकीत, दाणेदार होता. म्हणजे हुक त्या दिवशी तुटला नव्हता. तो किती तरी आठवडे थोडा थोडा तुटत होता आणि शेवटी त्या बोटभर लोखंडावर दोन ट्रॉल्या ओढल्या जात होत्या. टाक्याच्या, म्हणजे वेल्डिंगच्या जोडाच्या, पोटात रॉडची काळी खपली (रॉड वितळताना सुटणारा मळ) तशीच गाडलेली होती. वरून बघितलं तर टाका छान फुगीर आणि वर लाल ऑइलपेंट मारलेला.

'गेल्या हंगामात ह्याच हुकानं ऊस ओढला, काही झालं नाही,' असं मालक सांगत होता. तो खरंच बोलत होता. एवढा कच्चा हुक हंगामभर चालला कसा, हे समजून घेतलं पाहिजे, म्हणून थोडा हिशेब मांडतो.

दोन ट्रॉल्यांतला ऊस आणि ट्रॉल्यांचं स्वतःचं वजन मिळून २० टन धरू. सपाट डांबरी रस्त्यावर, एका वेगानं चालताना, एवढं वजन ओढायला हुकावर साधारण अर्ध्या टनाची ओढ येते. वीस फुटांत एक फूट चढ असेल तर त्यात आणखी एक टन. आता टाक्याची ताकद बघा. प्रत्येक बाजूला ६ मिलिमीटर पसरलेला कोपऱ्यातला टाका घेतला तर त्याची आतली कामाची जाडी ४.२ मिलिमीटर भरते. असा नीट मुरलेला, म्हणजे खालच्या लोखंडात वितळून मिसळलेला, चार इंच लांबीचा टाका भारतीय मानकाच्या हिशेबानं साडेचार टनांच्या आसपास भार सुरक्षितपणे घेतो. म्हणजे दीड टनाच्या कामाला साडेचार टनांचा टाका झाला. मग निम्मा टाका मुरलेलाच नसला तरी पहिली खेप जाते, दहावीही जाते. घरच्या वेल्डरला वाटतं, आपलं काम पक्कं झालं.

पण हुक तुटतो तो एका ओढीनं नाही. खड्ड्यातला हिसका, ब्रेक दाबल्यावर मागनं बसणारा धक्का, फडातून बाहेर निघताना एकदम सोडलेला क्लच, यातल्या प्रत्येकाला ताण वर जातो आणि खाली येतो. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो, त्यामुळं उतारावर २० टन हुकावरूनच ट्रॅक्टरला ढकलत असतात. असे हजारो हिसके बसले की टाका जिथं मूळ लोखंडाला मिळतो त्या कडेला केसाएवढी चीर पडते. आत खपली राहिलेली असेल तर ती आतून सुरू होते. आणि जास्त भारी लोखंड वापरलं म्हणून टाक्याच्या कडेला हे होणं थांबत नाही. तिथं ग्रेडपेक्षा ताण किती वर-खाली होतो, यालाच महत्त्व आहे. हा चढ-उतार निम्मा केला तर टाक्याचं आयुष्य साधारण आठपट होतं. म्हणून टाका फुगीर करण्यापेक्षा हुक आखूड ठेवणं, बेचक्यात आधारपट्टी देणं आणि टाक्याची कड ग्राइंडरनं हलकेच उतरती करणं कितीतरी जास्त उपयोगाचं.

हुक मागं काढल्यानं काय होतं, हेही यातच आलं. दोन चाकांच्या ट्रॉलीतलं काही वजन हुकावर टेकलेलं असतं आणि ऊस पुढं जास्त रचला की ते वाढतं. समजा एक टन टेकलंय. हुक आधारापासून १५ सेंटीमीटरवर असताना मुळाशी जेवढा वाकवणारा जोर येतो, त्याच्या बरोबर दुप्पट ३० सेंटीमीटरवर येतो. मग माणूस १२ मिलिमीटरच्या प्लेटवर दुसरी १२ मिलिमीटरची चढवतो आणि चार कोपऱ्यांना चार टाके मारतो. एकसंध २४ मिलिमीटरची प्लेट वाकायला १२ च्या चौपट जोर सोसते. चार ठिपक्यांनी अडकवलेल्या दोन प्लेटा आपापल्या वाकतात आणि मिळून जेमतेम दुप्पट देतात, तेही ठिपके टिकले तर.

उंचीचा घोटाळा याहून वाईट. हुक मागच्या एक्सलच्या मध्यरेषेच्या वर गेला की चढावर जोर लावताना ट्रॅक्टरचं तोंड उचलायला लागतं. ट्रॉली चिखलात रुतली की टॉपलिंकच्या (अवजार वरून धरणाऱ्या दांडीच्या) ब्रॅकेटला साखळी बांधून ओढणारेही मी बघितलेत. असा ट्रॅक्टर मागं उलटतो तेव्हा ड्रायव्हरला उडी मारायला सवड मिळत नाही.

आता लोखंडाबद्दल. घरच्या हुकाला माल येतो भंगारातनं. ट्रकच्या कमानीचा पाटा किंवा जुना एक्सल शाफ्ट दिसला की माणसाला वाटतं, यापेक्षा मजबूत काय असणार? पाटा मजबूत असतो हे खरं, पण त्यात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या वर असतो आणि तो कमावलेला, म्हणजे तापवून-गार करून कडक केलेला असतो. त्याला थंडपणी टाका मारला की टाक्याच्या शेजारची पट्टी झटक्यात गार होते आणि काचेगत ठिसूळ बनते. त्यात रॉडमधली ओल मिसळली की चीर लगेच दिसत नाही, ती एक-दोन दिवसांनी पडते. रात्री जोडलेला हुक सकाळी तपासून 'ओके' म्हणण्यात अर्थ नाही, तो याच्यामुळं. साध्या प्लेटला, म्हणजे आयएस २०६२ या भारतीय मानकाच्या मालाला, हा धोका फार कमी. बाजारात तो सहज मिळतो. हुकासाठी भंगार नको, एवढं एक पाळलं तरी पुष्कळ अपघात टळतील.

भंगार ओळखताही येतं. ग्राइंडर लावून ठिणग्या बघायच्या. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ, पिवळट निघतात आणि कमी फुटतात. पाट्याच्या ठिणग्या टोकाला भरपूर फुलतात. बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, आखूड आणि तांबूस असतात. कानस ओढून बघायची, कमावलेल्या लोखंडावर ती घसरते. ट्रॅक्टरचं मागचं हाउसिंग बहुतेक बिडाचं ओतीव असतं, त्याला तर रॉड लावूच नये. तिथं कंपनीनं दिलेल्या भोकांत बोल्टनंच ब्रॅकेट बसवायचं. आणि बोल्ट ढिला होतो म्हणून नट-बोल्टला टाका मारायची जी पद्धत पडली आहे, ती बंद झाली पाहिजे. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ लिहिलेला बोल्ट कमावलेला असतो. वेल्डिंगच्या उष्णतेनं त्याची कमाई जाते आणि आकडा नुसता डोक्यावर राहतो.

रॉड आणि लाइट हे विषयही आपल्या भागात विसरून चालत नाहीत. ७०१८ चा रॉड हुकासाठी उत्तम, पण तो ओल धरतो. पावसाळाभर गोठ्याच्या माळ्यावर पडलेलं पाकीट फोडून ते रॉड वापरले तर साध्या ६०१३ पेक्षाही घात होतो. ७०१८ ला ३०० ते ३५० अंशांवर तास-दोन तास भाजावं लागतं आणि ते घरात होत नाही. त्यासाठी वर्कशॉपमधली भट्टी हवी. जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनवर तो नीट पेटतही नाही. त्यातच गावाच्या टोकाला होल्टेज पडलेलं असतं, वर शंभर फूट बारीक वायर ओढलेली असते. ३.१५ च्या रॉडला शंभर-सव्वाशे अँपिअर लागतात. मशीनच्या डायलवर तेवढे दिसतात, रॉडच्या टोकाला येतच नाहीत. मग रॉड वितळून वर पसरतो आणि खालची प्लेट वितळतच नाही. बाहेरून टाका, आतून नुसता चिकटवलेला. १२ मिलिमीटरपेक्षा जाड प्लेटला कड घासून खाच केल्याशिवाय आणि प्रत्येक थरानंतर खपली काढून ब्रश मारल्याशिवाय पोटापर्यंत टाका जातच नाही. ट्रॅक्टरवर बसलेल्या हुकाला टाका मारायचा असेल तर आधी बॅटरी सोडवायची आणि अर्थिंगचा चिमटा टाक्याच्या अगदी जवळ लावायचा, नाहीतर करंट बेअरिंगमधून फिरतो. हे सगळं कळंब्याच्या आयटीआयमध्ये वेल्डरच्या एका वर्षाच्या कोर्सला शिकवतात. घरी मशीन आणणाऱ्याला ते कुणी सांगत नाही.

कायदा काय म्हणतो, हे आपल्याला ठाऊक आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणं आरसीतल्या, कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल गाडीत परवानगीशिवाय करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२-ए मध्ये असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड आहे, किंवा दोन्ही. कायदा हवाच. पण नुसत्या दंडाच्या भीतीनं माणूस वेल्डिंग सोडणार नाही, तो त्यावर जाड रंग मारेल. आणि रंगाखाली चीर दिसत नाही. माझ्या डोळ्यांसमोर तो लाल ऑइलपेंट अजून आहे.

आता मुद्द्यावर येतो. आपल्याच कारखान्यात बॉयलरच्या ट्यूबला टाका मारायचा तर १९५० च्या भारतीय बॉयलर नियमांखाली परीक्षा दिलेला वेल्डर लागतो. त्याचा प्रमाणपत्राचा कागद असतो, टाक्याची तपासणी होते. मिलच्या रोलरला उसाची पकड यावी म्हणून चालत्या रोलरवर टाके मारणारी कसबी माणसं आपल्या पगारावर आहेत. म्हणजे वेल्डिंगची जाण, तपासणीची शिस्त आणि माणसं, तिन्ही गोष्टी कुंपणाच्या आत आहेत. कुंपणाच्या बाहेर त्याच कारखान्याचा ऊस शाळेसमोरनं, बाजारातनं, पुलावरनं ओढत आणणाऱ्या हुकाला मात्र कुणीही कसाही टाका मारलेला चालतो. ही तफावत मला सहन होत नाही.

या ट्रॉल्यांवर कोण असतं, हेही बघा. बीडकडनं, मराठवाड्यातनं आलेल्या टोळ्या हंगामाला येताना आणि जाताना ट्रॉलीतच असतात. भांडी, शेळ्या, पांघरुणं आणि लेकरं, सगळी त्याच ट्रॉलीत. हुक तुटला तर त्यांच्या हातात काहीच नसतं. त्यांनी हुक जोडलेला नसतो, तो बघायला त्यांना कुणी बोलावलेलंही नसतं. मागनं दुचाकीवर येणारा माणूस, शिये फाट्यावर एसटीची वाट बघत उभी असलेली पोरगी, यांचंही तेच.

'हे वाहन मालकाचं काम आहे, आमचं नाही,' असं आपल्यापैकी कुणी म्हणेल. पण वाहनाशी करार आपला, उचल आपली, किती खेपा आणि कुठल्या फडातनं हे ठरवणारं कार्यालय आपलं. रिफ्लेक्टरच्या बाबतीत आपण ही जबाबदारी घेतलीच की. हंगाम सुरू होताना ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावायची मोहीम निघते, अधिकारी स्वतः उभे राहून पट्ट्या चिकटवतात. त्यानं रात्रीची ट्रॉली दिसायला लागली. हुकाचंही तसंच होऊ शकतं.

दुसरी अडचण खरी आहे आणि तीच मला मोठी वाटते. एका कारखान्यानं तपासणी कडक केली की वाहतूकदार शेजारच्या कारखान्याकडं जाईल. ट्रॅक्टरवाल्यांची ओढाताण दर वर्षी असते, हे मी जाणतो. म्हणूनच हे पत्र एका कारखान्याला लिहिलेलं नाही. जिल्ह्यातल्या सगळ्यांनी एकाच हंगामात, एकच नियम लावला तर पळून जायला जागा राहत नाही. उसाच्या दरावर, हंगामाच्या तारखेवर आपण एकत्र बसता. या विषयावरही एकदा बसा.

तपासणी अवघड नाही. बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आधी, करार झालेले ट्रॅक्टर-ट्रॉली गट पाडून यार्डात बोलवा. वर्कशॉपमधला जाणता वेल्डर, तारेचा ब्रश, बॅटरी आणि तीन डब्यांचा रंगाचा किट, एवढं पुरेसं आहे. हुकावरचा रंग घासून काढायचा, साफ करायचा, लाल रंग फवारून पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, पुसायचं आणि वर पांढरा फवारायचा. चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. ती रेघ मालकाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते, मग त्याच्याशी वाद घालावा लागत नाही. पास झालेल्या हुकावर पंचानं नंबर आणि वर्ष ठोका. भंगाराच्या पाट्याचा हुक पास करू नका, तो कितीही देखणा असला तरी. पिनला क्लिप आहे का बघा, पिन किती झिजली आहे बघा. आणि दांडीखालून ट्रॅक्टरपर्यंत आणि पुढच्या ट्रॉलीपासून मागच्या ट्रॉलीपर्यंत, दोन्ही बाजूंनी फुलीसारखी टाकलेली सुरक्षा साखळी सक्तीची करा. हुक तुटलाच तर दांडी जमिनीत घुसत नाही, त्या साखळीवर झुलते आणि ड्रायव्हरला थांबायला वेळ मिळतो.

हंगामाच्या मध्याला पुन्हा बघायला हवं. त्यासाठी वेगळी फेरी नको. ऊस उतरवून रिकामी ट्रॉली वजनाला काट्यावर येतेच. त्या दोन मिनिटांत एका माणसानं खाली वाकून टाक्याच्या कडेला बॅटरी मारली तर रंगातून फुटलेली गंजाची बारीक तांबडी रेघ दिसते. ती दिसली की ती ट्रॉली त्या दिवसापुरती बाजूला घ्या आणि कारखान्याच्याच वर्कशॉपमध्ये दुरुस्त करा. ट्रॅक्टरवाल्याची खेप बुडाली तर हप्ता बुडतो. म्हणून दुरुस्ती तिथंच आणि लगेच व्हावी, पैसे वाहतूक बिलातून कापून घ्यावेत. नाहीतर तो ट्रॉली घरी नेईल आणि रात्री त्याच चिरेवर दुसरा टाका मारेल.

यापुढचं काम थोडं मोठं आहे, पण सगळ्यात उपयोगाचं तेच. घरी हुक कापायची गरजच कमी करा. दोन-तीन उंचीचे, भोकं पाडलेले, बोल्टनं बसणारे हुकाचे सेट एकदम मोठ्या संख्येनं बनवून घ्या. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगलेत हे काम नीट करणारे कारखाने आहेत. ओतीव, फोर्जिंग, मशिनिंग सगळं पंचवीस किलोमीटरच्या आत होतं. सभासदाला खत उधारीवर मिळतं, तसा हा सेट मिळू दे. उंची बदलायची असेल तर बोल्ट सोडून दुसऱ्या भोकात घालायचे, रॉडला हात लावायची वेळच येणार नाही.

आणि जी पोरं तरीही घरी वेल्डिंग करणार आहेत, त्यांच्यासाठी हंगाम नसताना गट ऑफिसात दोन-तीन दिवसांचा वर्ग घ्या. आयटीआय आणि गव्हर्नमेंट पॉलिटेक्निकच्या शिक्षकांना बोलवा. व्याख्यान नको. प्रत्येकानं स्वतःच्या हातानं एक टाका मारायचा, तो मशीनवर मधोमध कापायचा आणि आत काय आहे ते बघायचं. स्वतःच्या टाक्याच्या पोटातली काळी खपली एकदा बघितली की त्या पोराला पुन्हा सांगावं लागत नाही. काचेशिवाय आर्क बघितल्यानं रात्री डोळ्यांत वाळू भरल्यागत होतं, तेव्हा बटाट्याच्या चकत्या ठेवून सकाळी कामाला लागायचं नाही, हेही तिथंच सांगा. पाचट आणि कडब्याच्या गंजीजवळ ठिणगी उडवायची नाही, गॅल्व्हनाइज्ड पाइपाला टाका मारताना धूर नाकात जाऊ द्यायचा नाही, हेही. कारण या पोरांचे डोळे आणि फुप्फुसं हुकाइतकीच महत्त्वाची आहेत.

हे पत्र वाचणाऱ्या घरच्या वेल्डरांनाही एक सांगतो. गडी हो, फाटक करा, नांगराचा फाळ जोडा, पत्र्याचं शेड उभारा, त्यात तुमचा हात बसू दे. ट्रॅक्टरच्या हुकाला आणि दोन ट्रॉल्यांमधल्या जोडाला मात्र ज्याचा टाका कापून तपासलाय अशा माणसाकडंच जा. शेजारी मालक हातापाया पडला, दुप्पट पैसे देतो म्हणाला, तरी.

संचालक साहेब, पहिल्या वर्षी सगळं जमणार नाही, हे मला समजतं. निदान साखळी, पिनची क्लिप आणि लाल रंगाची तपासणी या हंगामापासून सुरू करा. यार्डात एका कोपऱ्याला जागा, थ्री-फेजचं कनेक्शन आणि सावलीला एक पत्रा मिळाला तर तपासणीच्या दिवसांत मी मशीन, ग्राइंडर आणि भाजलेले रॉड घेऊन येतो. उद्यमनगरातल्या माझ्या ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्यांशी मी बोललोय, त्यातले काही जण यायला तयार आहेत. मजुरी नको. तारीख दसऱ्याच्या आधीची ठरवा, म्हणजे खराब निघालेले हुक बदलायला मालकांना वेळ मिळेल. शेती कार्यालयाकडनं निरोप आला की आम्ही हजर होऊ.

आपला विश्वासू,
एक फॅब्रिकेशन व्यावसायिक,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर